गप्पीदासाच्या मागे धावू नका, काडीसमोर बसा

माळावर कॅमेरा घेऊन उतरणाऱ्या बहुतेकांच्या कार्डात गप्पीदासाचे फोटो असतात आणि बरेचसे एकाच साच्यातले असतात: पक्षी बोटाएवढा, पाठमोरा, निम्मा उडालेला, मागे पांढरंफटक आकाश. दोष लेन्सला दिला जातो. खरी गडबड पायांची असते. पक्षी दिसला रे दिसला की माणूस त्याच्या दिशेने चालू लागतो. पक्षी उडतो, वीस मीटर पुढच्या काडीवर बसतो. माणूस पुन्हा चालतो, पक्षी पुन्हा उडतो. तासाभराने पक्षी त्याच्या नेहमीच्या वावराच्या तुकड्याबाहेर गेलेला असतो आणि माणूस घामाघूम.

गप्पीदास टेहळणी करून शिकार करतो. उंचशा काडीवर बसायचं, खाली किडा हलला की झेप घ्यायची आणि परत त्याच किंवा शेजारच्या काडीवर यायचं. हिवाळाभर तो बहुधा माळाचा आपला एक तुकडा धरून राहतो. म्हणून शोधायच्या असतात त्या त्याच्या काड्या. पक्षी तिथे आपणहून येतो. खालचे सगळे टप्पे याच एका सवयीवर बेतलेले आहेत. क्रम बदलू नका. तिसरा टप्पा गाळून थेट सहाव्यावर उडी मारणारेच रिकाम्या हाताने परततात.

## १. आधी पक्षी पक्का करा

आपल्याकडे, म्हणजे ठाणे-नवी मुंबईच्या आसपास, गप्पीदास दोन प्रकारचे भेटतात आणि माद्यांमध्ये हमखास घोळ होतो.

साधा गप्पीदास, म्हणजे सायबेरियन स्टोनचॅट, हा हिवाळी पाहुणा. लांबी १२-१३ सेंटिमीटर, चिमणीपेक्षा लहान. नराचं डोकं काळं, मानेच्या दोन्ही बाजूंना ठळक पांढरा डाग, छाती नारिंगी. मादी फिकट तपकिरी, पाठीवर रेघा, डोळ्यावर पुसट भुवई, छातीवर नारिंगीची हलकी झाक.

कवड्या गप्पीदास इथे बारमाही राहतो. नर काळाभोर, पंखावर, शेपटीच्या बुडाशी आणि पोटाखाली पांढरा. मादी एकसारखी गडद तपकिरी, भुवई नाही. तिची खूण एकच लक्षात ठेवा: शेपटीच्या बुडाशी, म्हणजे कंबरेवर, गंजासारखा तांबूस रंग. साध्या गप्पीदासाच्या मादीची कंबर फिकट असते.

नोव्हेंबरात आणखी एक फसवणूक होते. नराचं काळं डोकं नीट दिसतच नाही, कारण नव्या पिसांची टोकं तपकिरी असतात आणि त्याखाली काळा रंग झाकला जातो. हिवाळाभर ही टोकं झिजत जातात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत तोच पक्षी काळ्या डोक्याचा दिसू लागतो. नोव्हेंबरात 'मळकट डोक्याची मादी' म्हणून नोंदवलेले कितीतरी पक्षी नर असतात. मानेवरचा पांढरा डाग बघा आणि गालावरच्या तपकिरीखाली काळं डोकावतंय का तेही बघा.

आवाज कोरडा: चक-चक, दोन गारगोट्या एकमेकींवर टिचकवाव्यात तसा. त्याचं इंग्रजी नावही त्यावरूनच पडलंय. डोळ्याआधी कानाला तो सापडतो.

तपासा: दुर्बिणीतून भुवई, कंबर आणि पंखावरची पांढरी पट्टी या तीन गोष्टी स्वतःशी बोलून दाखवता आल्या तरच पुढे जा. आठ बाय बेचाळीसची (आठपट जवळ दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) दुर्बीण पुरेशी आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झूम करून ओळखायची सवय लागली की डोळा आळशी होतो.

## २. महिना आणि जागा

साधा गप्पीदास पावसाळा सरता सरता येऊ लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. भरवशाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नराचा रंग खुललेला हवा असेल तर फेब्रुवारीचे शेवटचे आठवडे राखून ठेवा.

जागेचं गणित सोपं आहे. गुडघा ते कंबरेएवढं सुकं गवत हवं, त्यातून वीतभर वर आलेल्या कडक काड्या हव्यात आणि मधेमधे उघडी जमीन हवी. शेवटची अट लोक विसरतात. खाली जमीन दिसली नाही तर त्याला किडा दिसत नाही. घनदाट, सलग गवताच्या मधोमध तो कमीच बसतो. पायवाटेच्या, बांधाच्या, कापणी झालेल्या शेताच्या कडेला जास्त.

ठाणे, नवी मुंबई आणि लगतच्या पनवेल-उरण भागात अशा जागा चार प्रकारच्या आहेत: खारघरच्या डोंगरावरचं पठार, शिळफाट्याजवळ पडले गावाकडचा माळ, उरणकडची पाणजे परिसरातली खाजणं (खाऱ्या पाण्याखाली येणारी सखल जमीन) आणि जुन्या मिठागरांचे बांध, आणि पनवेल-उरण पट्ट्यातली भात कापून मोकळी झालेली शेतं. चौथा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सोपा. भातानंतर जिथे वाल पेरतात तिथे बांधावरची सुकी झुडपं आणि कुंपणाच्या काठ्या ही त्याची आवडती आसनं. मात्र वाफ्यात पाय टाकायचा नाही. बांधावर कुणी दिसलं तर आधी विचारायचं, "काका, या बांधावरून जाऊ का?" एवढ्यावर परवानगी मिळते, शिवाय 'तो काळा पाखरू रोज त्या खांबावर बसतो' ही माहितीही बहुधा फुकट मिळते.

काड्यांत पहिली पसंती टाकळ्याच्या वाळलेल्या झाडांना द्या. पावसात माजलेला टाकळा डिसेंबरपर्यंत पार सुकतो, पानं गळतात आणि कडक, काळपट, फांद्यांची झाडं उभी राहतात. वाळकी रानतुळसही तशीच चालते. तारेचं कुंपण त्याला आवडतं, फोटोला नाही.

सावधान: डिसेंबरनंतर डोंगरांवर वणवे लागतात. धूर दिसला तर त्या बाजूला जाऊच नका. सुक्या गवतात आग वाऱ्याबरोबर माणसापेक्षा वेगाने पळते. माळावर विडी-काडी पेटवणाऱ्याला सोबत नेऊ नका. उरणच्या बाजूला बंदर, नौदल आणि तेल-वायूची आस्थापनं आहेत. त्यांच्या भिंतींच्या दिशेने लांब लेन्स रोखायची नाही, ओळखपत्र खिशात ठेवायचं आणि कुणी हटकलं तर वाद न घालता निघायचं.

## ३. पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय

सगळ्यांत जास्त गाळला जाणारा टप्पा हाच. कॅमेरा घरी ठेवायला जीवावर येतं. पण कॅमेरा हातात असला की माणूस पक्षी बघत नाही, फोटो बघतो.

न्यायचं एवढंच: दुर्बीण, वही, पेन्सिल, घड्याळ, पाणी. पक्षी दिसला की जिथे असाल तिथेच थांबा. चाळीस-पन्नास मीटर अंतर असेल तर उत्तम. मग पुढची पाऊण तास ते एक तास हे करा:

१. वहीत त्या तुकड्याचा ओबडधोबड नकाशा काढा: पायवाट, बांध, मोठं झुडूप, विजेचा खांब. उत्तर दिशा फोनवरून बघून लिहा.

२. पक्षी बसेल त्या प्रत्येक काडीला अ, ब, क अशी अक्षरं द्या.

३. तो काडीवर आला की वेळ लिहा, उडाला की वेळ लिहा. खाली झेपावला तर 'झ', दुसऱ्या काडीवर गेला तर त्या काडीचं अक्षर, माणूस-कुत्रं-म्हैस यांच्यामुळे उडाला तर 'घ', म्हणजे घाबरला.

४. अशा किमान २० नोंदी होऊ द्या.

वीस नोंदींनंतर पानावर नजर टाका. एखादा पक्षी बारा काड्या वापरताना दिसला तरी बराचसा वेळ तीन-चार काड्यांवरच गेलेला आढळेल. त्या तीन-चारांपैकी जिच्या मागे मोकळी जागा आहे आणि जी उन्हाच्या योग्य बाजूला येते ती तुमची काडी. पुढचं सगळं काम तिच्यासमोर.

नंतर, पक्षी लांब असताना, काडीजवळून एकदाच चालत जा आणि टोकाखाली बघा. नेहमीच्या काडीवर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ असतात. एखाददुसरा थेंब असेल तर पक्षी तिथे सहज टेकला होता.

नेहमीची चूक: कापलेली फांदी आणून रोवणं. त्याच्या नेहमीच्या काडीशेजारी सुंदर वळणदार फांदी लावली की पक्षी त्यावरच बसेल, असं वाटतं. कधी बसतोही. पण त्यासाठी त्याच्या शिकारीच्या जागेत जाऊन तुडवातुडवी करावी लागते आणि सकाळचा अर्धा वेळ तो लांबच राहतो. टाकळ्याची वाळकी काडी फोटोत काही वाईट दिसत नाही. खरं तर तीच त्या माळाची ओळख.

## ४. सामान आणि घरी करायची जुळणी

लेन्सचा हिशेब अंतरावरून करा. १३ सेंटिमीटरचा पक्षी १० मीटरवर असेल, तर फुल-फ्रेम कॅमेरा आणि ६०० मिलिमीटर लेन्समध्ये तो फ्रेमच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश भरतो. क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान) आणि ४०० मिलिमीटरचंही उत्तर जवळजवळ तेच येतं. २० मीटरवर तो निम्मा होतो. तीसवर त्याला ठिपका म्हणायचं. लक्ष्य १० मीटर, मर्यादा १५. त्याहून लांब असेल तर परिसरासकट मोठी चौकट घ्या. ती वेगळी आणि चांगली गोष्ट आहे, पण पिसांचे तपशील त्यात शोधू नका.

आधारासाठी बीनबॅग शिवा. जुन्या जीन्सच्या पायाचा ३५ सेंटिमीटरचा तुकडा, एक टोक शिवून बंद, आत दीड किलो तांदूळ, दुसरं टोकही शिवून बंद. ठासून भरू नका. दोन तृतीयांश भरली की लेन्स तिच्यात रुतून बसते. टम्म भरली की लेन्स घसरते. गाडीच्या खिडकीसाठी ही बीनबॅग आणि जमिनीवर बसण्यासाठी पाय आखूड करता येणारा ट्रायपॉड. दोन्ही नसतील तर गुडघ्यांवर कोपर टेकवूनही काम होतं.

कॅमेऱ्यातली जुळणी घरीच करून जतन करा, अंधारात मेनू शोधत बसू नका:

- बसलेल्या पक्ष्यासाठी: एफ ६.३ किंवा लेन्स जेवढी उघडते तेवढं, शटर १/८०० सेकंद, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवेल), वरची मर्यादा ६४००.
- झेपेसाठी: शटर १/३२००, सलग फ्रेम.
- सतत फोकस चालू. लहान झोन किंवा एक बिंदू. पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, पण झोन लहानच. पूर्ण फ्रेम मोकळी दिली की कॅमेरा पुढच्या गवताच्या तुऱ्यावर जाऊन बसतो.
- फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची.
- पांढरा भाग जळला, म्हणजे तपशील जाऊन कोरा झाला, की लुकलुकणारी सूचना चालू.

तपासा: लेन्सच्या बाजूला फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असतं. ते '१० मीटर ते अनंत'वर असेल आणि पक्षी ८ मीटरवर येऊन बसला तर कॅमेरा नुसता घरघरत राहतो, आणि तेवढ्यात पक्षी निघून जातो. या कामासाठी ते 'पूर्ण'वर ठेवा. निघण्याआधी एकदा आणि बसल्यावर एकदा, असं दोनदा बघा. उडीच्या उत्तम संधी या एका बटणापायीच सर्वांत जास्त हुकतात.

कपडे मातकट, खाकी किंवा मळकट हिरवे. पांढरा शर्ट, भडक टोपी, सळसळणारं विंडचीटर नको. घोट्यावर येणारे बूट आणि जाड, लांब मोजे हवेतच. कुसळी गवताची कुसळं पातळ मोज्यातून आरपार घुसतात, आणि घोणस-फुरशाचा धोका माळावर असतो. बसायला जाड प्लास्टिक किंवा योगा मॅट.

## ५. बसायची जागा आणि लेन्सची उंची

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, जवळपास २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. फेरीच्या वहीत उत्तर दिशा लिहिलीत ती इथे उपयोगी पडते. तुमची पाठ आग्नेयेला आणि तोंड वायव्येला येईल असं बसा. पाठीमागचं ऊन थोडं तिरकं आलं, डाव्या किंवा उजव्या खांद्यावरून, तर अधिक चांगलं. अगदी सरळ मागून आलं की पक्षी सपाट दिसतो आणि तुमची सावली पुढे पसरते. सकाळी ही सावली लांब असते. तिचं टोक काडीला टेकता कामा नये.

आता उंची. पक्ष्यांच्या छायाचित्रणात 'पालथे पडा, जमिनीलगत जा' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. चिखलात चालणाऱ्या पक्ष्यांना तो लागू पडतो, गप्पीदासाला नाही. हिशेब करून बघा. पक्षी ८० सेंटिमीटर उंच काडीवर, तुम्ही १० मीटरवर, लेन्स जमिनीपासून २० सेंटिमीटरवर. लेन्समधून पक्ष्याकडे जाणारी नजरेची रेघ दर मीटरला ६ सेंटिमीटर वर चढते. पक्ष्यामागे ५० मीटरवर ती जवळजवळ पावणेचार मीटर उंचीवर असते. माळावर तिथे काय असणार? आकाश. म्हणून पालथं पडून काढलेल्या फोटोत मागे पांढरं येतं आणि काळं डोकं काळं ठिक्कर.

लेन्स काडीच्या टोकाएवढ्याच उंचीवर, म्हणजे ७० ते ९० सेंटिमीटरवर आली की रेघ आडवी जाते आणि मागे लांबचा डोंगर, झाडांची रांग किंवा माळाची दूरची कड येते. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची जवळपास एवढीच. गाडीची खिडकी याहून थोडीच वर असते. उभं राहून आकाश टळतं हे खरं, पण उभा माणूस माळावर खांबासारखा दिसतो आणि पक्षी जवळ येत नाही.

तपासा: जागेवर बसा, रिकाम्या काडीवर फोकस करा आणि एक फोटो काढा. तीन गोष्टी बघा: काडीमागे एखादी उजळ रेघ किंवा दुसरी काडी तर नाही ना, लेन्स आणि काडीच्या मधे गवताचा तुरा तर नाही ना, कोपऱ्यात इमारत किंवा टॉवर तर घुसला नाही ना. नवी मुंबईत तिसरी तपासणी फार महत्त्वाची. अर्धा मीटर सरकून तिन्ही प्रश्न सुटतात, पण पक्षी आल्यावर सरकता येत नाही.

## ६. पोचणं, बसणं, थांबणं

जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातच्या आसपास, डिसेंबरच्या मध्यावर सातला. त्याच्या वीस मिनिटं आधी तुम्ही बसलेले हवेत. पक्ष्याच्या डोळ्यादेखत जागा घेणं आणि तो यायच्या आधीच तिथे असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या बाबतीत तुम्ही त्याच्यासाठी माळावरचा एक ढेकूळ असता.

१. बसण्याआधी टॉर्चने जमीन बघा आणि काठीने गवत बडवा. मुंग्यांचं वारूळ, भेग, बीळ असेल तर दोन मीटर सरका.

२. मॅट पसरा, कॅमेरा आधारावर चढवा, लेन्स काडीवर रोखून ठेवा. पाण्याची बाटली आणि जादा बॅटरी मांडीजवळ. पिशवीची चेन आत्ताच उघडून ठेवा. तिचा आवाज नंतर नको.

३. फोन बंद किंवा सायलेंट. थरथराटही नको.

४. पहिले २० मिनिटं काहीही करू नका. पक्षी दुसऱ्याच काडीवर बसला तरी लेन्स वळवू नका.

पहिल्या उन्हात गप्पीदास पिसं फुगवून ऊन खात बसतो. ही निवांत पोर्ट्रेटची वेळ. आठनंतर जमीन तापते, किडे हलू लागतात आणि झेपा सुरू होतात. साडेनऊनंतर उघड्या माळावर गरम हवेचे लहरते थर उठतात. त्यानंतर फोटो कितीही धारदार फोकसचे वाटोत, घरी उघडल्यावर पाण्यातून काढल्यासारखे दिसतात. लेन्स महाग असून उपयोग नाही. आवरून घ्या. संध्याकाळी सव्वाचार ते सूर्यास्त ही दुसरी पाळी, पण तेव्हा तोंड ईशान्येला हवं.

अंतर कमी करायचंच असेल तर एकदाच करा आणि तेही असं: पक्षी खाली झेपावला किंवा पाठ करून पिसं साफ करू लागला की बसल्या-बसल्या मीटर-दीड मीटर पुढे सरका, तेही सरळ त्याच्या रोखाने नाही, तिरकं. मग पुन्हा दहा मिनिटं स्तब्ध.

त्याची भाषा वाचायला शिका. शेपटी हलवणं ही त्याची सवयच आहे; निवांत असतानाही तो ती खालीवर करतो. म्हणून 'शेपटी हलली म्हणजे घाबरला' हा ठोकताळा कुचकामी. वेग मोजा. शेपटी-पंखांचे झटके दुप्पट झाले, चक-चक लागोपाठ सुरू झालं, अंग ताठ आणि बारीक झालं, आणि डोळा जमिनीऐवजी तुमच्यावर खिळला, यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली की सरकणं थांबवा, नजर खाली वळवा. पाच मिनिटांत तो शिकारीला लागला नाही तर मागे सरका. पिसं फुगलेली, मान आखडलेली आणि लक्ष खाली जमिनीवर: हा सगळा 'चालू द्या'चा इशारा.

सावधान: फोनवरून आवाज वाजवून बोलावू नका. हिवाळ्यात तो इथे जगायला आलाय. नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत काडी-काडी फिरण्यात त्याचा खाण्याचा वेळ जातो. आणि आवाजाला आलेला पक्षी ताठ, तणावातला असतो. फोटोत ते लपत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कवड्या गप्पीदास चोचीत गवत किंवा अन्न घेऊन एकाच ठिकाणी वारंवार उतरताना दिसला, तर घरटं जवळ आहे असं समजा आणि तो तुकडाच सोडा. वाकून शोधू नका.

गाडीतून काढत असाल तर: इंजिन आणि एसी दोन्ही बंद. एसी चालू असला की थंड-गरम हवेची सरमिसळ खिडकीतच होते आणि प्रत्येक फोटो मऊ येतो. गाडी आतल्या कच्च्या रस्त्यावर उभी करा; पाम बीच रोडसारख्या भरधाव वाहतुकीच्या रस्त्याच्या कडेला उभं राहून पक्षी टिपायचा उद्योग करू नका.

## ७. फोटो

या पक्ष्याच्या अंगावर काळं आणि पांढरं एकमेकांना चिकटून आहे. काळं डोकं उजळायला गेलात की मानेचा पांढरा डाग जळतो. जळलेला डाग घरी परत येत नाही. काळ्यातला तपशील बऱ्यापैकी येतो. म्हणून पांढरा डाग सांभाळा. ऊन स्थिर झालं की चार फोटो काढून लुकलुकणारी सूचना बघा, डाग लुकलुकत असेल तर एक्सपोजर एक तृतीयांश स्टॉपने (स्टॉप हे प्रकाशाचं माप) कमी करा आणि आयएसओसुद्धा हाताने बांधून टाका. ऑटोवर सोडलंत तर तोच पक्षी, त्याच उन्हात, मागे डोंगर आला की उजळ आणि मागे आकाश आलं की काळा निघतो. प्रकाश बदललेला नसतो, फक्त कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर फसलेलं असतं.

१० मीटरवर ६०० मिलिमीटरला एफ ६.३ वर फोकसची खोली जेमतेम १० सेंटिमीटर मिळते. पक्षी आडवा बसला की चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं धारेत येतं. तोंड तुमच्याकडे असेल तर डोळा पकडा, शेपटी जाऊ द्या. आणि डोळ्यात उन्हाचा ठिपका येईपर्यंत थांबा. काळ्या डोक्यात काळा डोळा. ठिपका नसेल तर पक्षी आंधळा दिसतो. मान तुमच्या बाजूला जराशी वळली की तो ठिपका येतो.

झेपेचा फोटो हवा असेल तर खूण ओळखा. उडण्याआधी तो मान तिरकी करून खाली रोखून बघतो आणि किंचित वाकतो. गप्पीदास बहुधा खाली झेपावतो, वर नाही. म्हणून पक्षी फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागात धरा आणि खाली जागा सोडा. मधोमध धरलेल्यांच्या फोटोत नुसती रिकामी काडी उरते. थोडं मागे झूम करा. पंख उघडल्यावर पक्षी दुपटीने रुंद होतो. बटण दाबण्याच्या आधीच्या फ्रेम साठवण्याची सोय तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर हीच तिची जागा.

शक्य असेल तर त्या दिवशी एकाच पक्ष्याचे हे पाच फोटो पुरे करा: बाजूने, समोरून छाती, पाठमोरा कंबर दिसेल असा, उडताना पंखाखालचा भाग, आणि पूर्ण माळासकट लहान. पाठमोरा फोटो बहुतेक जण खोडून टाकतात. पण कंबर त्यातच दिसते आणि ओळखीचा वाद तिथेच मिटतो. उडतानाचाही तसाच उपयोग: साध्या गप्पीदासाच्या नराच्या पंखाखाली काखेशी काळा रंग असतो.

धुरकं असेल त्या दिवशी हट्ट करू नका. पारसिकच्या डोंगराची कड नुसत्या डोळ्यांना पुसट दिसत असेल, तर ऊनही मंद असतं आणि पक्ष्याचे रंगही फिके येणार. आठ-दहा मीटरवर येईल तेवढाच टिपा, नाहीतर दुर्बीण लावून वही भरा.

## ८. निघताना आणि घरी

पक्षी काडीवर असताना ताडकन उठू नका. तो झेपावून लांब गेला की सामान आवरा आणि आलात त्याच पायवाटेने परत जा. नवी वाट पाडली की दुसऱ्या दिवशी तिच्यावरून कुत्री आणि माणसं दोन्ही येतात.

घरी गेल्यावर आधी वही, मग संगणक. प्रत्येक फेरीला एवढं लिहा: तारीख, आल्या-गेल्याची वेळ, नर की मादी, काडी कोणत्या झाडाची, किती झेपा, काय पकडलं, कशाने उडाला. तीन-चार फेऱ्यांत त्या पक्ष्याचं वेळापत्रक तुमच्या हाती येतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना किती वेळ आणि किती अंतर हेही भरा, नुसतं नाव नको. आपल्याकडची नोंद 'सायबेरियन स्टोनचॅट' या नावाखाली जाते; शास्त्रीय नाव सॅक्सिकोला मॉरस.

चौकट कापताना पक्ष्याला थोडी हवा ठेवा, विशेषतः तो बघतोय त्या बाजूला. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केलीत तरी ३००० बाय २००० बिंदू उरतात, तेवढे पुरतात. याहून जास्त कापावं लागत असेल तर पुढच्या वेळी दोन मीटर जवळ बसा. आड आलेला गवताचा तुरा पुसायचा असेल तर पुसा, पण मग तो फोटो ओळखीच्या नोंदीला जोडू नका.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकताना गाव सांगा, बांध सांगू नका. एका काडीसमोर रविवारी सकाळी बारा ट्रायपॉड लागले की सोमवारी तिथे काडीच उरते.